पाल्यासकट तीन मुळे

नियम असा होता: पांढऱ्या कागदी ताटलीत तीन नग, तिन्ही साधारण एका मापाचे, पाल्यासकट, माती धुतलेले. शेपटी तुटलेला मुळा चालणार नाही. मी ठेवलेले तीन मुळे वीतभर लांब होते, पांढरेशुभ्र, आणि पाला असा तरारलेला की ताटलीच्या बाहेर लोंबत होता. दोहात आमच्यापैकी कुणीच असे मुळे पिकवले नव्हते. त्या मुळ्यांबद्दल मी एकाहून जास्त माणसांशी खोटं बोललो, आणि त्याचं खापर फुटलं एका वयस्कर बाईच्या डोक्यावर. ती बाई आजारी पडली नव्हती, तिचं काही चुकलंही नव्हतं. हे इतकी वर्षं मी बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. आता लिहितो आहे, कारण सांगून झालेलं आहे.

शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या त्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवस सुपरमार्केटातली दुधाची आणि भाज्यांची फडताळं रिकामी दिसली. मग तुर्कस्तानातून, इराणातून सगळं यायला लागलं आणि खरं तर कुणाचंच काही अडलं नाही. पण ती रिकामी फडताळं आम्हा लोकांच्या मनात राहिली. ज्याला त्याला कुंड्यांचं वेड लागलं. अल हिलालमध्ये आम्ही राहायचो त्या कंपाउंडात व्हिला फोडून केलेले फ्लॅट होते, त्यांत चार-पाच मराठी घरं. प्रत्येकाच्या मागच्या दाराशी मातीची एक पट्टी. कुणी मेथी लावली, कुणी टोमॅटो. पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं, एवढं लावलंय तर प्रदर्शन भरवू. फेब्रुवारीच्या शेवटी, कारण मार्च अर्धा झाला की तिथलं ऊन काही उभं राहू देत नाही. फुलांचे दोन गट, भाज्यांचे दोन, शेवटी चहा-वडे. गंमतच होती ती, पहिल्या वर्षी तरी.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाच्या सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना सातवा महिना होता. त्यांचा नवरा वेस्ट बेमध्ये एका बँकेत आयटीत होता, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. याआधी वहिनींचे दोन गर्भ गेले होते. एक पाचव्या महिन्यात. कंपाउंडातल्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं, त्यामुळे या खेपेला त्यांच्यासमोर जिन्यावरूनसुद्धा कुणी जोरात उतरत नसे. बाळंतपणासाठी साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या, व्हिजिट व्हिसावर. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. येताना त्यांनी एका छोट्या स्टीलच्या डबीत, चार कापडांत गुंडाळून, घरचं विरजण आणलं होतं. "इथल्या दह्याला बुरशीसुद्धा लागत न्हाई," असं त्या म्हणायच्या. ही त्यांची त्या दह्यावरची टीका होती.

प्रदर्शन आणि वहिनींचं डोहाळजेवण एकत्र करायची कल्पना माझ्या बायकोची. प्रदर्शनातल्या फुलांचे दागिने करायचे, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, आणि वहिनींना घालायचे. भाज्या त्यांच्या ताटात जायच्या. ज्याच्या भाजीला पहिला नंबर, त्याच्या भाजीचा पहिला घास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी लाजल्या आणि म्हणाल्या, "मला मुळ्याची कोशिंबीर खायचीय. पाल्याच्या मुळ्याची. इथे मिळतात ते मुळे रबरासारखे लागतात."

"मुळे माझ्याकडे," मी म्हणालो.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, युअर प्लांट्स ऑलवेज डाय."

सगळे हसले. मीही हसलो. मला ते लागलं, हे लपवायचं कारण नाही.

लागलं, कारण झाडं जगवणं हाच माझा धंदा होता. फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी बांधत असलेल्या एका मैदानाच्या भोवती मोठं उद्यान होणार होतं. त्याच्या पाण्याची व्यवस्था, म्हणजे पंप, पाइप आणि टाक्या, माझ्याकडे होती. तिथं गवताला आणि झाडांना जायचं ते पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी, शुद्ध केलेलं. त्याचे पाइप जांभळे असतात, चुकून कुणी नळ जोडू नये म्हणून. दर पन्नास पावलांवर पाटी: पिऊ नये, हात धुऊ नये. अरबी, इंग्रजी, हिंदी. त्या पाट्यांचा मजकूर मी मंजूर केला होता. दर रविवारी सकाळी मजुरांना गोळा करून हेच मी हिंदीत सांगायचो: हे पाणी फुलांना, गवताला. खायच्या कुठल्याही गोष्टीला नाही. समजलं? सगळे एका सुरात म्हणायचे, समजलं साब. मग मी यल्ला म्हणायचो आणि काम सुरू व्हायचं.

पंपावर नांदेडकडचा एक माणूस होता, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्याला मामा म्हणायचे. पंपघराच्या मागं त्यानं हातभर जागेत कोथिंबीर आणि चार मिरच्या लावल्या होत्या. जांभळ्या पाइपाच्या गळतीवर. काय कोथिंबीर होती ती! मी ती पाहिली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते कौतुक. दुसऱ्यांदा मनात आला तो नियम. मी त्याला ती उपटायला लावली, माझ्यासमोर. त्यानं मुकाट्यानं उपटली आणि मातीसकट पिशवीत भरली. म्हणाला, "साहेब, आम्ही शिजवून खातो. कच्ची न्हाई खात." मी म्हणालो, "मामा, नियम म्हणजे नियम." मी त्याची रिपोर्टात नोंद केली नाही, आणि ते माझ्या मोठेपणात मोजलं.

जानेवारीत माझ्या मुळ्यांना दोन-दोन पानं फुटली आणि ती तिथंच पिवळी पडायला लागली. तिथल्या नळाचं पाणी म्हणजे समुद्राचं, मीठ काढून गोडं केलेलं. त्यात झाडाला खायला काहीच नसतं. आणि मातीत मीठ. मला ते अर्थात माहीत होतं. सांडपाण्यात काय असतं आणि त्यावर पाला का माजतो, हेही माहीत होतं. एका दुपारी मी मामाला वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन दिले.

"फुलझाडाला ना साहेब?"

"हो. पेटुनिया लावलेत घरी."

त्यानं कॅन भरून गाडीत ठेवले. डिकी लावता लावता म्हणाला, "साहेब, ठेवू नका फार दिवस. हे पाणी बसलं की बिघडतं."

मी मान हलवली. तो हे मला सांगत होता! पाण्यातलं क्लोरिन उडालं की त्यात काय वाढतं, यावर मी स्वतः पानभर लिहून दिलेलं होतं.

पंधरा दिवसांत मुळ्यांचा पाला गुडघ्याला लागला. मी स्वतःला समजावलं ते असं: पाणी मुळाशी घालतो, पानावर नाही, तपासणीचे रिपोर्ट चांगले येतात, कितीतरी देशांत यावर भाज्याच पिकवतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बायको मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "अगंबाई! तुमच्या हाताला गुण आला म्हणायचा." मुलगीही येऊन बघून गेली.

दुसरा कॅन अर्धा उरला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीशी तो उन्हात उभा होता, तीन आठवडे तरी. आतून त्याच्या कडांना शेवाळासारखं हिरवं धरलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पहाटे मुळे काढले. ताटल्या मांडायच्या होत्या चार वाजता. तोवर पाला मान टाकणार, म्हणून मुळे पाण्यात उभे ठेवायला हवे होते. बादली नळाखाली धरली तर नळ कोरडा. वरची टाकी साफ करायला माणसं आली होती, पाणी संध्याकाळपर्यंत येणार नव्हतं, आणि ही सूचना आदल्या दिवशी दारावर लावलेली होती. घरात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. बादली भरायला पाच-सहा लागल्या असत्या. मी त्या बाटल्यांकडे बघितलंही. मग उरलेला कॅन बादलीत ओतला आणि त्यात मुळे उभे केले. माती त्यातच धुतली. मांडायच्या आधी बाटलीच्या पाण्यानं एकदा विसळू, असं ठरवलं. चार वाजता बायकोनं हाक मारली, "अहो, सगळे आलेत, तुमचीच ताटली राहिलीय!" आणि मी मुळे झटकले, आणि गेलो.

परीक्षक म्हणून एका शेजाऱ्याचे वडील होते. शेतकी शाळेत शिकवून निवृत्त झालेले, नाशिककडचे, हिवाळ्यापुरते आलेले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी प्रत्येक ताटलीपुढं उभं राहून काहीतरी टोला हाणला. एकाच्या टोमॅटोला म्हणाले, "हा टोमॅटो आहे का बोर?" पालकाच्या जुडीपुढं नुसतेच हात जोडले. माझ्या ताटलीपाशी ते थांबले. पाल्याचं एक टोक खुडून त्यांनी बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं.

"पाणी कुठलं देता?"

"नळाचं."

"नळाच्या पाण्यावर एवढा पाला?"

"शेणखत घातलंय, आबा."

"इथं शेण कुठून आणलंत?" मागून कुणीतरी म्हणालं, "उंटाचं असेल आबा!" आणि सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी बोटं रुमालाला पुसली, मग माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर, फार तर दोन. तेवढ्यात मी म्हणू शकलो असतो, आबा, माझी ताटली राहू द्या. काही कारण द्यायची गरज नव्हती. पोटात दुखतंय म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"द्या बाबा पहिला नंबर," आबा म्हणाले. "नाहीतर रात्री झोप येणार नाही याला."

टाळ्या झाल्या. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. तिचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, माझ्याकडे बघताना तरी.

काकू मुळे न्यायला आल्या. स्वयंपाकघरातल्या नळाला तेव्हा नुकती करंगळीएवढी धार सुरू झाली होती. त्यांनी मुळ्यांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काय ओ भाऊ, धुतलेत न्हवं?"

"धुतलेत, काकू."

हे खोटंही नव्हतं. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या दोन शब्दांची.

बाहेर वहिनींना खुर्चीवर बसवलं होतं. खुर्चीला झेंडूची माळ, वहिनींच्या दंडावर पेटुनियाचे बाजूबंद, कपाळावर पांढऱ्या फुलांची बिंदी. दोन वाट्या पालथ्या घालून एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी ठेवली होती. वहिनींनी उघडलेल्या वाटीखाली बर्फी निघाली तेव्हा बायकांनी गलका केला, "मुलगी गं, मुलगी!" नवरा म्हणाला, "मला दोन्ही चालतं, फक्त शुगरफ्री द्या." त्याला कुणीतरी झेंडू फेकून मारला. ऊन उतरायला लागलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि सगळ्यांना वाटत होतं, मी खुशीत आहे.

काकूंनी कोशिंबिरीचा पहिला घास वहिनींना भरवला. घरचं दही, वरून हिंग-मोहरीची फोडणी, आणि पाला बारीक चिरून. वहिनींनी डोळे मिटून खाल्लं. "आई," त्या म्हणाल्या, "अजून." काकूंनी त्यांच्या ताटात वाटीभर वाढली. मग सगळ्यांच्या ताटलीत थोडी थोडी आली. माझ्याही आली. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं चमचा भरून तोंडाकडे नेला.

मी तिचं मनगट धरलं.

"तुला सर्दी आहे. दही नको."

तिला सर्दी नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. माझी ताटली मी भिंतीमागच्या कचऱ्याच्या पिशवीत उलटी केली. म्हणजे मला माहीत होतं. पुढं कित्येकदा मी स्वतःशी वाद घातला: खात्री कुठं होती, पाण्यामुळेच झालं कशावरून, हवामान, वडे, काहीही असू शकतं. पण मी मुलीचा हात धरला होता. समोर दहा पावलांवर वहिनी दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या, आणि त्यांचा हात मी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांचं पोट बिघडल्याचं कळलं. त्यावर विनोद झाले, परीक्षकाला शाप लागला म्हणून. आणखी दोन घरांतही थोडं थोडं. तिसऱ्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही, मला वाटलं, खलास, संपलं. चौथ्या दिवशी दुपारी समोरचा दार वाजवत आला. "दादा, गाडी काढता का? हिला ताप चढलाय. थंडी वाजून येतेय."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि त्यांचं शांत असणंच भीतीदायक होतं. त्या इंग्रजीत एकेक विचारत गेल्या. गेल्या आठवड्यात बाहेर कुठं खाल्लं? मांस? मासे? कच्च्या भाज्या? कुठल्या पाण्यात धुतलेल्या? घरी लावलेल्या असतील तर पाणी कुठलं?

नवरा माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा घामानं चकाकत होता. "दादा, मुळे नळाच्याच पाण्यावरचे ना?"

पडद्याच्या आडून वहिनींचं कण्हणं येत होतं. दारात काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. तिथं "नाही" म्हटलं असतं तर डॉक्टरीणबाईंना कशाच्या मागं लागायचं ते त्याच मिनिटाला कळलं असतं.

"हो," मी म्हणालो. "नळाचंच."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, दही? घरी लावलेलं? विरजण कुठलं? नवऱ्यानं सांगितलं, भारतातून आणलेलं, डबीतून. त्यांची भुवई वर गेली. त्या फक्त "ओह" म्हणाल्या. पण त्या "ओह"मध्ये सगळ्यांना उत्तर मिळालं. नवऱ्यानं मान वळवून आईकडे बघितलं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्या विचारत होत्या, "काय म्हणतात रे? काय म्हणतात?"

रक्ताचे रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. संसर्ग रक्तात गेला होता. औषध बदललं, ताप उतरला, पण त्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली, दहा आठवडे आधी, सव्वा किलोची. काचेच्या पेटीत ठेवली. आठवड्यांमागून आठवडे ती त्या पेटीत होती. ती जगली, हे आत्ताच सांगून टाकतो. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि रोज सकाळी समोरचं दार उघडलं की मी आवाजावरून अंदाज घ्यायचो.

वहिनी घरी आल्यावर काकूंना स्वयंपाकघरात जायला बंदी झाली. तसं कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. वहिनींची आई पुण्याहून आली आणि तिनं भांडी, डबे, सगळं उकळून घेतलं. विरजणाची डबी कचऱ्यात गेली. एकदा मी औषधं द्यायला गेलो, तेव्हा आतून वहिनींचा आवाज ऐकला. "त्यांना सांग, बाळ घरी आलं की हात लावायचा नाही. माझं याआधी दोनदा गेलंय. मी आता कुणाचं ऐकून घेणार नाही." बाहेरच्या खोलीत काकू खिडकीपाशी पाटावर बसून होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी पदर सारखा केला, जणू त्यांनाही ते ऐकू आलं नव्हतं.

काकूंचा व्हिसा संपत आला. मुलानं वाढवला नाही. त्याला पेटीपाशी जायचं होतं, म्हणून विमानतळावर सोडायला मी गेलो. सकाळची वेळ होती. रस्त्यावर सगळीकडे खोदकाम, वळणं बदललेली, वर्ल्डकपचे फलक. काकू मागं बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही पण खाल्ली न्हवं ती कोशिंबीर? दही आंबलं होतं का ओ? खरं सांगा. मी चाखून बघितलं होतं. मला चांगलं लागलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचा काय भरवसा."

आरशात त्यांचे डोळे दिसत होते. त्यांना फक्त एका माणसानं 'नाही' म्हणायला हवं होतं. आणि तो एकच माणूस असा होता ज्याला उत्तर माहीत होतं.

"थोडं आंबट होतं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. "मग माझंच," म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. विमानतळावर त्यांची बॅग मी ट्रॉलीवर चढवून दिली. त्यांनी माझे आभार मानले.

परत येऊन मी वाफा उपटला, कॅन चिरून फेकले. पुढच्या रविवारी मजुरांसमोर उभा राहून तेच सांगितलं: हे पाणी खायच्या कुठल्याही गोष्टीला नाही. मामा मागच्या रांगेत होता. सगळे पांगल्यावर म्हणाला, "फुलं आली का साहेब?" मी म्हणालो, "आली." त्यानंतर तो मला टाळायला लागला, की मी त्याला, ते आता सांगता येत नाही. प्रदर्शन पुन्हा भरलं नाही. उद्यान मात्र झालं. स्पर्धेच्या वेळी ते टीव्हीवर दाखवायचे, वरून, हिरवंगार. माझी बायको अभिमानानं सगळ्यांना दाखवायची, आणि मी उठून पाणी प्यायला जायचो.

स्पर्धा संपली, कंत्राटं संपली. समोरचे पुण्याला गेले, वर्षभरानं आम्हीही. काकू आता त्यांच्याकडेच राहतात असं बायकोकडून कळलं. "पण काय राहणं," ती म्हणाली. "दुधाच्या भांड्यालासुद्धा हात लावत नाहीत म्हणे. आपणहूनच. सून आता चांगली वागते हो, पण या म्हणतात, नको, माझा हात चांगला नाही."

ते ऐकल्यावर मी तीन-चार महिने काढले. मग एका दुपारी गेलो, न कळवता.

दार काकूंनी उघडलं. खूप वाळल्या होत्या. मला बसवलं, पाणी दिलं. चहा करते म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सून यील आता, ती चहा करंल." मी पाणी न पिता बोलायला लागलो. क्रमानं सांगितलं. कॅन, बादली, टाकी, धुतलेत म्हणालो ते, हॉस्पिटल. मी गाडीतल्या बोलण्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. मग तुम्हाला दही आंबट लागलं ते?"

"मी कोशिंबीर खाल्लीच नव्हती, काकू."

"खाल्लीच न्हवती?"

"नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुळ्यांचं, पाण्याचं त्यांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं करतो. म्हणाल तर तुमच्यापाशीच ठेवतो, म्हणाल तर मुलाला सांगतो.

"मला कशाला विचारता?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. ती पोरीला घेऊन यील साडेपाचला. तिच्यासमोर सांगा. माझ्या समोर तिच्यासमोर सांगा."

पाऊण तास आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. वहिनी आल्या. मुलीच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. वेळेआधी जन्मलेल्या मुलांना लागतो तसा. तिनं मला "हॅलो अंकल" म्हटलं. काकूंनी तिला आत चित्रं काढायला पाठवलं. मग मी उभा राहिलो, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. माझ्या मुलीचा हात मी धरला होता, तेही सांगितलं.

वहिनी पर्स खांद्याला तशीच अडकवून उभ्या होत्या. माझं संपलं तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सासूकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आई, तुम्ही तेव्हा म्हणाला का नाहीत, की तुमचं दही चांगलं होतं म्हणून?"

"म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "दोनदा."

वहिनींनी मला जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. मी बाहेर चपला घालत होतो, दार अजून अर्धं उघडं होतं, आणि आत वहिनींची पर्स अजून खांद्यालाच होती.